गोड पाणी आणि मिंधें शास्त्र

मुंबईहून पुण्यास निघालेला वाटसरू एके काळीं होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरत असे. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ सालीं आगगाडी कर्जतच्या वाटेनें घाट चढूं लागली. मधल्या तेहतीस वर्षांत घाट आणि कोंकण यांमधील बरीचशी ये-जा या गांवाच्या दारावरून चालली. होडींतून उतरलेल्या माणसास पहिली गरज पाण्याची. आल्यागेल्यापुढें गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. खडा बोराएवढा आणि तांब्या चांगला शेरभराचा, हें त्या रीतींतील प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढें सांगावयाची हकीकत तें प्रमाण बिघडल्याची आहे. आज पनवेलच्या अंगावरून द्रुतगतिमार्ग जातो, २०२५ सालीं तालुक्यांत विमानतळाचेंहि उद्घाटन झालें, आणि एस्. टी. स्थानकांत गाडी थांबतांच खिडकीशीं जो हात वर येतो, त्यांत रंगीत गोड पाण्याची बाटली असते.

पूर्वींचे लोक फार संयमी होते असें म्हणून त्यांची पूजा बांधण्याचा आमचा विचार नाहीं. पन्हें, कोकमाचें सरबत, लिंबाचें सरबत हीं सारीं गोडच, आणि उन्हाळ्यांत तीं घरोघर होत. पण साखर महाग होती. ती मोजून डब्यांतून निघे, आणि पाहुणा उठला कीं डबा फडताळांत परत जाई. विकतचें पेय आलें तेंहि बरेंचसें पाचक म्हणून. मुंबईंत १८६५ सालीं पालनजी, पुण्यास १८८४ सालीं अर्देशीर, पुन्हां मुंबईंत १८८९ सालीं दिनशाजी पांडोळे यांची ड्यूक कंपनी, असे पारशी व इराणी मंडळींचे सोडा-लेमनचे कारखाने निघाले. गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थानें १८७२ सालीं काढली. योगायोग असा कीं, त्याच सालीं पनवेलीस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. एकाच वर्षीं रोगाची बाटली व औषधाची बाटली जन्मास आली, असें म्हणण्याचा मोह होतो. पण बिचाऱ्या गोटीसोड्यावर एवढा आळ घेणें न्यायाचें होणार नाहीं.

ज्या परंपरेंतून हा औषधी कारखाना निघाला तिला मधुमेह नवा नव्हता. सुश्रुतानें प्रमेहाचे जन्मजात व अपथ्यानें होणारा असे दोन भेद केले आहेत. चरकानें त्याचीं कारणें मोजतांना बसून राहण्याचें सुख, झोपेचें सुख, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ हीं एकाच दमांत सांगितलीं. आळस आणि गोड हीं दोन्ही एकाच यादींत आहेत. ही यादी पुढें आपणांस पुन्हां लागणार आहे.

आपल्या सार्वजनिक जीवनांत साखरेचा वाद झाला तो मात्र निराळ्याच मुद्द्यावर. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. ती हाडांच्या कोळशानें शुद्ध करतात म्हणून धर्मास बाध, आणि मॉरिशस-जाव्याहून येते म्हणून देशास बाध. शरीरास बाध, हा तिसरा मुद्दा मागेंच राहिला; आणि गंमत अशी कीं, त्या चळवळीचे अध्वर्यु लोकमान्य टिळक हे स्वतः मधुमेहानें पीडलेले होते. पुढें १९३२ सालीं देशी साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. वालचंदनगर, रावळगांव अशीं कारखान्यांचीं गांवें माळरानावर उभीं राहिलीं. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्यानंतर साखरेनें महाराष्ट्रांत शाळा काढल्या, दवाखाने काढले, महाविद्यालयें काढलीं, मंत्री केले व मंत्री पाडले. आमच्या पेशांतील कित्येकांचा पगार शेवटीं उसाच्या कांड्यांतूनच निघालेला आहे. तेव्हां साखरेविषयीं लिहितांना महाराष्ट्रीय लेखक अगदीं निर्लेप राहूं शकत नाहीं, हें आम्ही आधींच कबूल करून ठेवतों.

बाटलीच्या बाबतींतहि देशाभिमानच पुढें आला. स्वातंत्र्यानंतर आलेली कोका-कोला कंपनी १९७७ सालीं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असतांना, देश सोडून गेली. मोकळी झालेली जागा भरण्यास सरकारनें स्वतःच 'सत्त्याहत्तर' नांवाचें पेय काढलें, आणि मुंबईच्या पार्ले कंपनीचें 'थम्स अप' त्याच सालीं निघालें. आमच्या पिढीच्या मुंजी व लग्नें त्या पेयावर व 'गोल्ड स्पॉट'वर पार पडलीं. परदेशी कंपनीला घालविल्याचा आनंद त्या घोटांत होता. १९९३ सालीं तीच परदेशी कंपनी परत आली व तिनें पार्लेचीं हीं नांवें विकत घेतलीं. मालक बदलला, निशाण बदललें. बाटलींतील साखर मात्र सर्व राजवटींत होती तेथेंच राहिली.

या पाण्यांत असतें तरी किती? कोलासारख्या पेयाच्या शंभर मिलिलिटरांत सुमारें दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलींत पंचवीस ग्रॅमांवर, चहाचे पांच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलेली मर्यादा अशी कीं, वरून घातलेली व रस-मधांतील मोकळी साखर दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या शेंकडा दहाच्या आंत असावी, आणि शेंकडा पांचाच्या, म्हणजे सुमारें पंचवीस ग्रॅमांच्या आंत राहिली तर अधिक बरें. एक बाटली संपली कीं ही दुसरी मर्यादा संपली. मग जेवणांतलें श्रीखंड उधारीचें! चहांत कोणी सहा चमचे साखर घालूं लागला तर घरांतील म्हातारी त्याचा हात धरील. बाटलीच्या बाबतींत कोणी कोणाचा हात धरीत नाहीं, कारण थंडपणा, आंबटपणा व बुडबुडे यांच्याखालीं गोडी दडून बसते. शिवाय प्यालेल्या उष्मांकांची पोटास नीट नोंद राहत नाहीं. चार पोळ्या खाल्लेला माणूस पांचवीला नको म्हणतो, पण बाटलीभर साखर प्यालेला बहुधा नेहमीइतकाच जेवतो. साखरेचा निम्मा भाग फळशर्करेचा. तिचा भार मुख्यतः यकृतावर पडतो, आणि ती नित्य अधिक येऊं लागली कीं तेथें तिची चरबी बनते. दांतांचें तर विचारूंच नये. २०१० सालीं वसंती मलिक व त्यांचे सहकारी यांनीं अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा कीं, रोज एक-दोन वेळां असें पेय घेणारास, तें क्वचित् घेणारापेक्षां, मधुमेहाचा धोका शेंकडा २६ नें अधिक असतो.

आपल्या लोकांस तर याची विशेष भीति आहे. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांची वर्षानुवर्षें पाहणी केली. तेथील मुलाचें जन्माच्या वेळचें वजन सरासरी २·७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या मुलाचें ३·५ किलो. पण एवढें लहान असूनहि आपल्या मुलाच्या अंगीं चरबी त्या मानानें कमी नव्हती. कमी होते ते स्नायु. बाहेरून कृश आणि आंतून स्थूल, असा हा आपला पिंड. आरशावर विश्वासून निर्धास्त राहण्याची सोय त्यास नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत मधुमेहाचे रोगी १० कोटींवर गेलेले होते.

इतकें सरळ दुखणें, मग त्यावर शास्त्राचें एकमत व्हावयास इतका काळ कां लागला? या प्रश्नाचें उत्तर साखरेच्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे.

गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेंत हृद्रोगानें धडधाकट माणसें मरत होतीं, आणि दोष चरबीचा कीं साखरेचा हा वाद रंगांत आला होता. लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन साखरेकडे बोट दाखवीत होते. १९६५ सालीं 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या साखर-कारखानदारांच्या संस्थेनें, जॉन हिक्सन या आपल्या अधिकाऱ्यामार्फत, हार्वर्ड विद्यापीठांतील पोषणशास्त्रज्ञांकडून या वादाचा आढावा घेणारा लेख लिहवून घेण्याचें ठरविलें. मोबदला साडेसहा हजार डॉलर. लेखाचा रोख आधीं कळविलेला, कच्चे खर्डे हिक्सनच्या नजरेखालून गेलेले. मॅकगँडी, हेगस्टेड व स्टेअर यांच्या नांवानें हा लेख १९६७ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्यें दोन भागांत आला. साखरेविरुद्धच्या पाहण्यांतील उणिवा त्यांत कसून शोधल्या होत्या. चरबीविरुद्धच्या पाहण्यांवर तेवढा कठोर हात चालविलेला नव्हता. आणि पैसे कोणीं दिले याचा उल्लेख कोठेंच नव्हता. त्या नियतकालिकांत तसा उल्लेख करण्याचा दंडक त्या वेळीं नव्हता. तो आला १९८४ सालीं. जवळजवळ पन्नास वर्षें ही गोष्ट कागदांच्या गठ्ठ्यांत पडून राहिली. क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्य बाईंनीं जुना पत्रव्यवहार धुंडाळून काढला व सहकाऱ्यांसह तो २०१६ सालीं उजेडांत आणला. दांत किडण्याचें कारण शोधणाऱ्या माणसाच्या हातीं हें सांपडावें, यांत एक प्रकारचें औचित्य आहे.

याच संस्थेनें १९६८ पासून इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें उंदरांवर प्रयोग करण्यास पैसे दिले होते. कागदोपत्रीं त्याचें नांव 'प्रकल्प २५९'. साखर व पिष्ट यांचा शरीरावरील परिणाम सारखा नाहीं, असें त्यांत दिसूं लागलें, आणि मूत्राशयाच्या कर्करोगाशीं संबंध जोडला जाणारा एक घटकहि पुढें आला. १९७० मध्यें पैसे बंद झाले. प्रयोग पुरा झाला नाहीं व निष्कर्ष छापला गेला नाहीं. युडकिन यांनीं १९७२ सालीं आपलें म्हणणें ग्रंथरूपानें मांडलें. पण तोंपर्यंत वारा फिरला होता.

येथें दुसरी बाजू सांगितली नाहीं तर आम्हींहि तोच अपराध केल्यासारखें होईल. २०१८ सालीं जॉन्स व ऑपनहायमर या अभ्यासकांनीं असा आक्षेप घेतला कीं, कारखानदारांकडून पैसा घेणें हा त्या काळचा रिवाजच होता, आणि याला कट म्हणणें म्हणजे आजच्या मापानें कालचें वस्त्र बेतणें होय. यांत तथ्य आहे. चरबीहि कांहीं निर्दोष ठरलेली नाहीं, आणि हार्वर्डचे ते पंडित आपलें मत विकावयास बसले होते असें मानण्याचें कारण नाहीं. पण आमच्या मतें यामुळें प्रकरण सौम्य न होतां अधिक अवघड होतें. लांच घेणारास आपण लांच घेतली हें ठाऊक असतें. मिंध्या माणसास आपण मिंधे आहों हें ठाऊक नसतें. तो खोटें बोलत नाहीं, आंकडे बदलीत नाहीं. कोणता प्रश्न विचारावयाचा व कोणता पुढच्या खेपेस ठेवावयाचा, एवढेंच त्याच्याकडून नकळत ठरून जातें. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणें हा सद्गुण मानतात; साखरेच्या बाबतींत तो सद्गुणच नडला.

हें नुसतें तत्त्वज्ञान नव्हे. २०१३ सालीं स्पेन व जर्मनीमधील संशोधकांनीं गोड पेयें व वजनवाढ यांवरील आढावे गोळा करून पाहिले. अन्नधंद्याशीं संबंध नसलेल्यांच्या निष्कर्षांपैकीं शेंकडा ८३ नीं वजन वाढतें असें सांगितलें. ज्यांनीं तसा संबंध जाहीर केला होता त्यांच्या निष्कर्षांपैकीं तितक्याच शेंकड्यानें पुरावा अपुरा आहे असें म्हटलें. विद्वत्ता दोहोंकडे सारखीच, आणि पाहावयाचे कागदहि बहुतेक तेच!

आतां चरकाची यादी आठवावी. २०१५ सालीं असें उघडकीस आलें कीं, लठ्ठपणाचें खरें कारण खाणें-पिणें नसून व्यायामाचा अभाव आहे यावर भर देणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या एका मंडळाला कोका-कोला कंपनीनें पंधरा लक्ष डॉलर दिले होते. बभ्रा होतांच कोलोरॅडो विद्यापीठानें दहा लक्ष डॉलर परत केले व वर्षअखेर तें मंडळ मोडलें. व्यायाम करावा हें म्हणणें अगदीं खरें आहे, आणि म्हणूनच तें उपयोगीं पडलें. यादींतील आळस तेवढा मोठ्यानें वाचावयाचा आणि गुळाचे पदार्थ गाळावयाचे, एवढ्याचेच ते पैसे होते.

आपला देश या खेळांत नुसता प्रेक्षक नाहीं. कोका-कोलाच्या एका अधिकाऱ्याच्या पुढाकारानें १९७८ सालीं 'इंटरनॅशनल लाइफ सायन्सेस इन्स्टिट्यूट' ही संस्था स्थापन झाली. तिची शाखा भारतांतहि निघाली. अन्नाच्या वेष्टनावर धोक्याची खूण असावी कीं नाहीं याचा विचार करणाऱ्या आपल्या सरकारी समितीवर या संस्थेशीं संबंधित तज्ज्ञाची नेमणूक झाल्याची हकीकत २०१९ सालीं न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रानें छापली. त्यापूर्वीं २००३ सालीं दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट' या संस्थेनें शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सांपडल्याचें जाहीर केलें. कंपन्यांनीं त्या प्रयोगशाळेच्या पात्रतेबद्दलच शंका घेतली. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालीं संसदेची संयुक्त समिति बसली, आणि २००४ सालच्या तिच्या अहवालानें संस्थेचें म्हणणें उचलून धरलें. काम चोख झालें याबद्दल वाद नाहीं. पण आम्हांस राहून राहून वाटतें कीं, थेंबांत नाहींसा होणारा कीटकनाशकाचा अंश शोधण्यांत सारा देश गढला असतां, बाटलीगणिक सहा चमचे असलेली वस्तु सर्वांच्या डोळ्यांदेखत सुटून गेली.

याहून आमच्या घराजवळची गोष्ट २०२० सालची. साखर फार झाली होती, गोदामें भरलीं होतीं. तेव्हां केंद्र सरकारचें अन्नखातें व साखर-कारखानदारांचा संघ यांनीं मिळून, लोकांच्या मनांतील साखरेविषयींचे 'गैरसमज' दूर करून खप वाढविण्याची मोहीम काढली. जगांत माणशीं वर्षास सुमारें २३ किलो साखर खपते, आपल्याकडे १९ च. तेव्हां आपण मागें आहों, असा हिशेब. तो वाचून हंसावें असें प्रथम वाटलें; पण उसाचें बिल कारखान्याकडे अडकलेला शेतकरी डोळ्यांपुढें आला कीं हंसूं ओसरतें. देशांतील अर्ध्याहून अधिक साखर घरच्या डब्यांत न जातां पेयें, मिठाया व बिस्किटें करणाऱ्यांकडे जाते. म्हणजे पोराच्या हातची बाटली आणि शेतकऱ्याच्या मुलीचें लग्न यांचा सांधा आपणच जोडून ठेवला आहे. अलीकडे उसाचा कांहीं भाग इथेनॉलकडे वळूं लागला. हा सांधा थोडा सुटेल तर त्यानेंच सुटेल.

आतां आमचा स्वतःचा दाखला. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा खर्च एका शीतपेयाच्या कंपनीनें दिला. कंपनीचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं. दुसरी असती तरी हेंच घडतें. समितींत आम्ही होतों व ठरावास आमची संमति होती. त्याच संमेलनांत आरोग्यावर एक व्याख्यान ठेवावयाचें होतें, आणि एका तरुण सहकाऱ्यानें 'आहारांतील साखर' हा विषय सुचविला. कंपनीचा माणूस त्या बैठकीस नव्हता. कोणीं कोणास कांहीं कळविलें नव्हतें. आम्हीच म्हणालों कीं, मंडपाच्या दारावर त्यांचा फलक असतांना हा विषय बरा दिसणार नाहीं. विषय 'तारुण्य आणि व्यायाम' असा झाला. व्याख्यान उत्तम वठलें; टाळ्याहि पुष्कळ पडल्या. पुढें कर्न्स बाईंचा लेख वाचतांना हार्वर्डच्या प्राध्यापकांचा राग आम्हांस हवा तितका येऊं शकला नाहीं, त्याचें कारण हें.

सरकार अगदीं स्वस्थ बसलें आहे असें नाहीं. बुडबुड्यांच्या पेयांवर २०१७ पासून अधिभारासह शेंकडा ४० कर बसला, व २०२५ च्या फेररचनेंतहि तो ४० च राहिला. पण त्याच फेररचनेंत बुडबुडे नसलेल्या फळरसाच्या पेयांवरचा कर शेंकडा १२ वरून ५ वर आला. मग त्या आंब्याच्या बाटलींत साखर कोलाइतकी असो वा अधिक. इंग्लंडांत २०१८ पासून कर बसतो तो शंभर मिलिलिटरांत साखर किती ग्रॅम यावर, आणि त्यामुळें कारखानदारांनींच साखर उतरविली. आपण साखर सोडून बुडबुडे मोजीत बसलों.

दुसरा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० सालचा: शाळेच्या दारापासून ५० मीटरांच्या आंत अति साखर, मीठ वा चरबी असलेले पदार्थ विकूं नयेत. एका संध्याकाळीं पनवेलींतील एका शाळेच्या दारापासून आम्हीं पावलें मोजलीं. आमचीं पासष्ट पावलें म्हणजे ५० मीटर. सत्तराव्या पावलावर दुकान होतें. नियमांत चोख बसणारें. दुकानाच्या पाटीवर पेयाचें नांव मोठें व मालकाचें नांव कोपऱ्यांत लहान. दारांतच कांचेच्या दाराचा उंच फ्रीज, त्यावरहि तेंच नांव. ऊन पडून गेलें होतें, घसा कोरडा होता. आम्हीं ताक आहे का विचारलें.

"ताक आहे, सर, पण थंड नाहीं," दुकानदार म्हणाला. "फ्रीज कंपनीनं दिलेला आहे. त्यांत दुसरं कांहीं ठेवतां येत नाहीं."